शेपटावरच्याचं पान

मुलुंड पूर्व,
११ ऑगस्ट २०२५

चि. धाकू यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते. मी शपथ मोडलेली नाही. ‘यापुढे धाकूशी एक शब्द बोलणार नाही’ अशी शपथ मी देवीच्या फोटोवर हात ठेवून घेतली आणि चौदा वर्षं पाळली. तुझ्या प्रीतमच्या लग्नात तू माझ्या पदरावर उभा होतास, तेव्हा ‘त्यांना जरा सरकायला सांगा’ हेसुद्धा मी वाढप्याकरवी सांगितलं. पण शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती. तूही उत्तर लिहूनच दे. फोन केलास तर उचलणार नाही.

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, हे सुहासिनीनं तुला सांगितलंच असेल. (तुझ्या बायकोशी मी बोलते. शपथ फक्त तुझ्यापुरती आहे.) सध्या आम्ही भाड्यानं एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. इथे सगळं आहे. लिफ्टमध्ये आरसा आहे, खाली पोहायचा तलाव आहे, त्यात कुणी पोहत नाही ही गोष्ट वेगळी. फक्त कावळा नाही. एवढ्या उंचावर तो येतच नाही. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी, गच्चीला कुलूप. खाली बागेत पानं ठेवावीत, तर ‘पक्ष्यांना खाऊ घातल्यास दंड’ अशी पाटी. मी चेअरमनकडे गेले. म्हटलं, वर्षातून एकदाच, सर्वपित्रीला. तो म्हणाला, “काकी, कावळ्याला परवानगी दिली ना, तर उद्या कबुतरवाले मोर्चा आणतील. बाहेर काय चाललंय बघताय ना?”

आता मी सहा जणांची पानं कुठे वाढू? तुझ्याकडे मनोरीला अंगण आहे, दगडी गडगा आहे, आणि कावळे तर जेट्टीपासून तुझ्या दारापर्यंत बसलेले असतात. या वर्षी सर्वपित्रीला, म्हणजे एकवीस सप्टेंबरला, विमानवाल्यांची पानं तू वाढ.

प्रीतमला हे सगळं तू कधी सांगितलं नसशीलच, म्हणून लिहिते. त्याला वाचायला दे. दुसऱ्या महायुद्धात, सोमवती अमावास्येला, आपल्या भाटीवाडीची पालखी समुद्रस्नानाला नेली होती. सगळं गाव पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. समुद्रावरून एक मोठं बॉम्बर विमान आलं, एक पंख पेटलेला. ओहोटी होती, पुळण लांबलचक आणि सपाट. त्यावर उतरलं असतं तर आतली माणसं वाचली असती. पण पुळणीवर माणसं होती, पोरंबाळं होती. विमान खाली आलं, पालखीपर्यंत आलं, आणि पुन्हा समुद्राकडे वळलं. पार लांब जाऊन पडलं. दोन दिवसांनी गोरा अधिकारी आला. त्यानं पोस्टमास्तरांकरवी आजोबांना सांगितलं की आत सहा जण होते: कप्तान, नकाशावाला, तारवाला, बॉम्बवाला, पुढचा बंदूकवाला आणि शेपटीतला बंदूकवाला, म्हणजे आपला ‘शेपटावरचा’. आजोबा म्हणाले, यांचं इथे कोण आहे? आमच्यासाठी गेले, तर आमचेच. तेव्हापासून सर्वपित्रीला आपल्या घरात सहा पानं जास्त.

बाबांनी जाताना वाटणी करून दिली. घरचे पितर तुझ्याकडे, विमानवाले माझ्याकडे. ‘धाकू विसरतो. घरचे समजून घेतील, परके नाही घेणार,’ असं म्हणाले होते. म्हणून या वर्षी तरी विसरू नकोस.

सुलक्षणा


मनोरी,
१७ ऑगस्ट २०२५

ती. सुलक्षणाताईस साष्टांग नमस्कार (लेखी).

पत्र पोचलं. पोस्टमनसुद्धा थांबून राहिला, त्याला वाटलं कोर्टाचं काहीतरी आहे.

पानं वाढतो. ते माझेही आपलेच आहेत. इथे कावळ्यांची ददात नाही. फक्त ते बोंबलावर वाढलेले आहेत, खीर-वड्याकडे बघून नाक मुरडतात. पण माझं वजन आहे त्यांच्यात. बाबांचं पान मी दरवर्षी गडग्यावर ठेवतो, तर कावळा हात काढायचीही वाट बघत नाही.

एक छोटीशी अट आहे. शेपटावरच्याचं पान कावळ्यानं दोन हजार अकरा साली पहिल्यांदा शिवलं, ते माझ्या रममुळे, हे तू लिहून द्यायचंस.

प्रीतमला मी बाकीचं सांगितलं. पाच पानं कावळा पहिल्या वर्षापासून न्यायचा आणि सहावं, शेपटावरच्याचं, तसंच राहायचं. आजोबांनी त्याला ‘तुझ्या आईला निरोप धाडतो’ म्हणून सांगितलं, कावळा आला नाही. बाबांनी पाव-जाम ठेवून बघितला, खारी ठेवली, सिगारेट ठेवली. दरवर्षी शेवटी दर्भाच्या काड्यांचा कावळा करायचा, तो पानाला टेकवायचा आणि हात जोडायचे. एका वर्षी तर बाबा कंटाळून म्हणाले, “रे बाबा, व्हया तर राज्य परत घे, पण वडो खा!” प्रीतम हसून हसून खुर्चीवरून पडला.

आणि मग अकरा साली तुमच्या जुन्या गच्चीवर मी त्याच्या पानावर झाकणभर रम ठेवली आणि कावळा आला. माणूस फौजी होता, ताई. बायकांनी साठ-सत्तर वर्षं त्याला खीर वाढली. तो कसा येणार? एवढी साधी गोष्ट तू कबूल केली असतीस तर चौदा वर्षं वाढपे मध्ये घालावे लागले नसते.

आपला,
धाकू


मुलुंड पूर्व,
२४ ऑगस्ट २०२५

चि. धाकू यास आशीर्वाद.

लिहून देणार नाही. खरं नाही ते मी कागदावर आणत नाही.

त्या पानावर माझं ऑम्लेट होतं. कांदा न घातलेलं, मिरपूड लावलेलं, साहेबाला चालेल असं. कावळ्यानं चोच मारली ती ऑम्लेटच्या बाजूनं. तुझं झाकण दुसऱ्या टोकाला होतं आणि ते तू माझी पाठ वळल्यावर ठेवलंस, हे मी अजून विसरलेले नाही. पितरांच्या पानावर दारू! वर त्या रमनं कावळा आला म्हणतोस. प्याला असता तर सरळ रेषेत उडाला असता का?

तरी मी मोठी आहे, समजूतदारपणा दाखवते. शेपटावरच्याची दोन पानं वाढ. एकावर ऑम्लेट, एकावर तुझी रम. बाकी सगळं सारखं. कावळा ज्याला आधी शिवेल ते खरं. मी निकाल मान्य करीन आणि तूही करायचास. ऑम्लेट सुहासिनीनं करायचं, तू नाही.

माझी नात निधी परवा म्हणाली, “आजी, त्या सहा जणांची नावं तरी माहीत आहेत का तुला?” मला लाज वाटली. इतकी वर्षं जेवायला घालतोय आणि नाव विचारलं नाही. ती आता कॉम्प्युटरवर शोधते आहे. कुठल्या तरी विमानवेड्या माणसांना तिनं पत्रं धाडली आहेत. नावं मिळाली तर पानं वाढताना नावानं हाक मारू.

गणपतीच्या तोंडावर वेलचीचा भाव बघितलास का? तरी खिरीत हात आखडू नकोस.

सुलक्षणा


मनोरी,
२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

दोन पानांचं मान्य. एकवीस तारखेला गोंधळ नको म्हणून मी काल रंगीत तालीम घेतली. तिचा अहवाल खालीलप्रमाणे.

सकाळी गडग्यावर सात पानं मांडली. कप्तान डावीकडे, मग उतरत्या क्रमानं, शेवटी शेपटावरचा दोनदा. सुहासिनीनं वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं केलं. ती म्हणाली, तालमीला एवढं कशाला? मी म्हटलं, ताईला कळलं तर? मग तिनं वादच घातला नाही.

मी आत पाणी आणायला गेलो, तेवढ्यात आमच्या कॉटेजमध्ये उतरलेलं घाटकोपरचं जोडपं फिरून आलं. त्यांना वाटलं, नाश्ता मांडलाय. मी बाहेर येईस्तोवर नवऱ्यानं टोकाचं रमचं झाकण रिकामं करून कप्तान संपवला होता आणि बायको नकाशावाल्याच्या खिरीवर होती. नवरा म्हणतो, “अंकल, झकास! असा ब्रेकफास्ट कुठे मिळत नाही. आणि ते छोट्या झाकणात काय होतं? अजून आहे का?”

काय सांगणार? मेलेल्या माणसांचं आहे म्हटलं असतं तर गुगलवर एक तारा मिळाला असता. मी म्हटलं, खास मालवणी पद्धत आहे. त्यांनी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘कावळेसुद्धा फार प्रेमळ आहेत.’

पण मुद्दा लक्षात घे. माणसानंसुद्धा ऑम्लेटच्या आधी रमला हात घातला.

निधीला काही सापडलं का? खरं सांगू, मलाही आता राहवत नाही. काल गडग्यापाशी उभा होतो आणि त्या शेपटावरच्याला काय म्हणून हाक मारावी ते कळेना. सगळी वर्षं आपण त्याला नखरेल म्हणून हसलो. त्याच्या आईनं ठेवलेलं काहीतरी नाव असेलच की.

धाकू


मुलुंड पूर्व,
८ सप्टेंबर २०२५

चि. धाकूस आशीर्वाद.

दोन पानं नकोत. शेपटावरच्याचं एकच वाढ. त्यावर रम ठेव. ऑम्लेट ठेवलंस तरी चालेल, नाही ठेवलंस तरी चालेल. कुणामुळे कावळा आला ते आता राहू दे. तुझं खरं असेल.

निधीचं काम चालू आहे. विशेष काही नाही.

जपून राहा. पायऱ्यांवर शेवाळ असेल.

सुलक्षणा


मनोरी,
११ सप्टेंबर २०२५

ताई,

काय झालंय ते खरं सांग.

‘तुझं खरं असेल’ असं तू मला आयुष्यात कधी लिहिलं नाहीस, म्हटलं नाहीस, स्वप्नातही नाहीस. मी तीनदा वाचलं. मग सुहासिनीला दाखवलं. ती खाली बसली. म्हणाली, “रिपोर्ट आले असणार हो त्यांचे.”

मी निधीला फोन केला, तर ती म्हणते, आजी ठीक आहे. मी म्हटलं, ठीक आहे तर माझ्याशी भांडत का नाही? ती म्हणाली, “मामाआजोबा, आजीनं सांगू नको म्हटलंय.” म्हणजे आहेच काहीतरी! हृदयाचं आहे का? साखर वाढली का? आमच्या मार्व्यापलीकडे चांगला डॉक्टर आहे, माझा पत्त्यांतला भिडू आहे तो.

सुहासिनी उद्या फेरीबोटीनं निघते आहे, सोबत सोलकढी आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं. पितृपक्ष आहे हे माहीत आहे. आजारी माणसाला सगळं माफ असतं.

आणि ऐक, ऑम्लेटच होतं. मी उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं, कावळ्यानं ऑम्लेटला चोच मारली. रम तशीच होती. हे मी लिहून देतो, खाली सही करतो, हवं तर प्रीतमला साक्षीदार घेतो. फक्त तू बरी हो. तू नसलीस तर मी कुणाशी बोलायचं नाही?

तुझा,
धाकू


मुलुंड पूर्व,
१४ सप्टेंबर २०२५

चि. धाकूस अनेक आशीर्वाद.

मला काहीही झालेलं नाही. सुहासिनी आली, दारातच माझ्या गळ्यात पडून रडली, शेजारी लोक बाहेर आले. चेअरमनची बायको पांढरी साडी नेसून आली. त्या सगळ्यांना तिसऱ्या खाऊ घालून परत पाठवावं लागलं. तू आणि तुझी घाई! पण तुझं पत्र वाचून मी रडले, तेही लिहिते. आता लपवत नाही.

निधीला नावं मिळाली. आणि शेपटावरच्याची मुलगीसुद्धा मिळाली.

मुलगी कशी, असं विचारशील. मीही विचारलं. लग्न युद्धानंतर झालं म्हणे. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं? मग उजेड पडला. धाकू, तो मेलाच नव्हता.

त्याचं नाव वॉल्टर. मुलगी डोरथी, माझ्याच वयाची, गुडघेही माझ्यासारखेच. निधीनं तिला व्हिडिओवर लावून दिलं. मी नवी साडी नेसून बसले. मधे निधी भाषांतर करत होती. डोरथी म्हणाली, विमान पेटल्यावर पुळण दिसली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मग कप्तान आतल्या फोनवर म्हणाला, “खाली कसला तरी उत्सव आहे. लहान मुलं आहेत. मी वळवतो आहे. कुणाला काही म्हणायचंय?” कुणीच काही म्हणालं नाही. मग तो वॉल्टरला म्हणाला, “तू दाराजवळ आहेस, तू उडी मार.” बाकीच्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. कप्तान तेवीस वर्षांचा होता. बाकीचे त्याहून लहान. आमच्या निधीएवढे.

वॉल्टर हवाई छत्रीनं लांब समुद्रात पडला. खाली दक्षिणेकडच्या गावच्या एका मचव्यानं त्याला उचललं आणि कुठल्याशा इस्पितळात पोचवलं. आपल्या गावाला कुणी कळवलं नाही. आजोबा सहाच धरून बसले.

म्हणजे आपल्या घरानं एका जित्याजागत्या माणसाचं पान वाढलं! आणि तो तिकडे बेकरी चालवत होता. डोरथीनं फोटो दाखवला. एवढा लठ्ठ माणूस मी बघितला नाही. ती म्हणते, युद्धावरून आलेले सगळे रोडावले होते, आमचे वडीलच कसे सुटले ते डॉक्टरांना कळलं नाही. मी मनात म्हटलं, बाई, वडे आमच्याकडून जात होते. आणि मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं ना? नव्वदीपर्यंत ठणठणीत होता. आपल्याकडे त्याची बातमी दरवर्षी उठत होती.

तो गेला दोन हजार अकराच्या मार्चमध्ये. त्याच वर्षीच्या सर्वपित्रीला कावळा आला.

आता कळलं मी का गप्प झाले? ऑम्लेट नाही की रम नाही. माणूस मेला म्हणून कावळा आला. आणि त्यावरून आपण दोघं चौदा वर्षं एका मांडवात दोन टोकांना बसलो. हे तुला कुठल्या तोंडानं लिहू, म्हणून ‘तुझं खरं असेल’ लिहून मोकळी झाले. तर तू मला मरणाच्या दारातच नेऊन ठेवलंस.

आणखी एक. डोरथी म्हणाली, वडील एकच गोष्ट विचारत असत. छत्रीला लटकलेले असताना त्यांना धूर दिसला, पुळण दिसेनाशी झाली. तिथल्या माणसांचं काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. इस्पितळात विचारलं, सैन्यात विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. आपले पाच जण ज्यांच्यासाठी गेले ते वाचले की नाही, हे न कळताच तो माणूस गेला. तिनं मला विचारलं, तुम्हाला माहीत आहे का? मी होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, लिहून पाठवा, मी त्यांच्या थडग्यापाशी वाचीन.

मी एकवीसला मनोरीला येते. बोलणार नाही, पण येते.

सुलक्षणा


मनोरी,
२३ सप्टेंबर २०२५

कैलासवासी वॉल्टरसाहेब यांस,
सुलक्षणा आणि धाकू या बहीणभावांचा नमस्कार.

हे पत्र निधी इंग्रजीत करील आणि डोरथीबाई तुम्हाला वाचून दाखवतील. मी सांगते आहे आणि धाकू लिहितो आहे, कारण त्याचं अक्षर चांगलं आहे. (खरं कारण, ताईचा चष्मा मार्व्याच्या फेरीतून येताना पाण्यात पडला. – धाकू)

आधी माफी मागते. तुम्ही हयात असताना आम्ही तुम्हाला पितरांत बसवलं. मनात वाईट काही नव्हतं. तुम्ही पान शिवत नव्हता म्हणून आम्ही तुम्हाला नखरेल म्हणत होतो, त्याचीही माफी. तुम्ही बिचारे स्वतःच्या बेकरीत पाव खात होता.

परवा सर्वपित्री झाली. धाकूच्या अंगणात गडग्यावर सहा पानं वाढली आणि पहिल्यांदा प्रत्येकाला नावानं हाक मारली. निधीनं नावं वाचली. तुमच्या पानावर ऑम्लेट होतं आणि झाकणभर रमही होती. आम्हा दोघांचं त्यावर जुनं भांडण आहे. कावळ्यानं ऑम्लेटकडे बघितलंही नाही. रम त्याच्या पंखानं सांडली. उचलला तो वडा, जो आजोबांनी पहिल्या वर्षी ठेवला होता तसाच. तेव्हा तो वाद मिटला. (ऑम्लेटला मीठ कमी होतं. – धाकू)

सहाही पानं झाली. शेवटी सातवं पान राहिलं, आमच्या बाबांचं. धाकूनं मला ऑगस्टमध्ये लिहिलं होतं की बाबांचं पान कावळा झटक्यात नेतो. आम्ही वाट बघत बसलो. कावळे शेजारच्या माडावर बसून होते, एकही खाली येईना. मग धाकूनं खिशातून दर्भाचा कावळा काढला. आधीच करून आणलेला. मी त्या दर्भाकडे बघितलं आणि मला कळलं, हा दरवर्षी करून आणतो. आम्ही अबोला धरला तेव्हापासून बाबा जेवलेच नव्हते.

मग मी बोलले. देवीची शपथ मोडली. म्हटलं, “धाकू, ठेव ते गवत खाली. खोटं लिहितोस मला?”

तो म्हणाला, “मग काय लिहू? बाबा माझ्यावर रागावलेत म्हणून?”

“तुझ्यावर कशाला रागावतील? माझ्यावर रागावलेत! मोठी कोण आहे?”

“मोठी आहेस म्हणून रागसुद्धा तूच घेणार का? मला काहीच ठेवू नकोस!”

त्यानंतर जे भांडण झालं ते जेट्टीपर्यंत ऐकू गेलं म्हणे. चौदा वर्षांचं साठलेलं होतं. प्रीतमच्या लग्नातला पदर निघाला, जुन्या गच्चीवरची रम निघाली, मी लहानपणी त्याचा पतंग फाडला होता तोही निघाला. कॉटेजमधली माणसं खिडकीत आली. आम्ही ऐन भरात असताना सुहासिनी मागून ओरडली, “अहो, गेला वडा! बाबांचा वडा गेला!” वळून बघतो तर पान अर्धं रिकामं आणि दोन कावळे खिरीवर. आमची भांडणं ऐकत जेवायची सवयच होती बाबांना. (मग आम्ही दोघंही रडलो. हे ताईनं सांगितलं नाही, मी लिहितो आहे. – धाकू)

आता तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर तुम्हाला फार आधी मिळायला हवं होतं.

पुळणीवरच्या माणसांचं काय झालं? बाबा आम्हाला शंभरदा सांगायचे, “थंय कोणाक खरचटलासुद्धा नाय.” पालखी सुखरूप परत गेली, पोरंबाळं सुखरूप घरी गेली. नुकसान झालं ते एकच. अकरा वर्षांचा एक मुलगा नैवेद्याच्या दह्याचं मडकं धरून उभा होता. तुमचं विमान डोक्यावरून वळलं तेव्हा तो तोंड उघडं टाकून वर बघत राहिला आणि मडकं हातातून निसटून फुटलं. त्याच्या वडिलांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवशी आमच्या वाडीत कुणाला काही लागलं असेल तर तेवढंच.

तो मुलगा पुढे मुंबईला आला, गिरणीत लागला, मुलुंडला घर केलं आणि त्याला आम्ही दोघं झालो. मोठी हट्टी, धाकटा आळशी. तुमच्या कप्तानानं आणि त्या पोरांनी जीव दिला तो अशा माणसांसाठी, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. पण आम्ही आहोत, वॉल्टरसाहेब. आमची मुलं आहेत, नातवंडं आहेत. त्या पुळणीवर होते त्या सगळ्यांची आहेत. हे त्या पाचही जणांना तुम्ही नावानं हाक मारून सांगा. आणि सांगा की ती दोघं आता एकमेकांशी बोलतात.

सुलक्षणा
धाकू